जुनी गाडी, घरचा पाना : तुमचे अनुभव सांगा

अजनीकर
काल नागपुरात अजनी पुलाच्या सिग्नलला पुढे एक रेनॉ डस्टर उभी होती. एमएच-३१, आमच्याच रंगाची, मागच्या काचेवर गजानन महाराजांचं स्टिकरही तिथंच. बाबाच चालवताहेत असं वाटून गेलं. म्हणून हा धागा.

बाबांनी २०१३ मध्ये निवृत्तीच्या पैशातून ८५ पीएसची डिझेल डस्टर घेतली. गाडी भारतात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. २०२२ मध्ये ती इथे विकणं बंद झालं आणि तेव्हापासून जो तो विचारतो, काढली नाही का अजून? नाही काढली. बाबा अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. पाना कसा धरायचा ते त्यांनी मला आधी सायकलवर शिकवलं, मग गाडीवर. त्यांची पेटी आता माझ्याकडे आहे.

माझं लाडकं काम उन्हाळ्याआधीचं, एसीचा कंडेन्सर (बंपरमागची, एसीचा गॅस गार करणारी जाळी) धुणं. आमच्या गल्लीत काटेसावर आहे. एप्रिलमध्ये तिचा कापूस उडतो तो थेट बंपरच्या जाळीतून आत जातो, वर धूळ बसते आणि थर जमतो. कूलरच्या ताट्या (बाजूचे गवती पडदे) बुजल्यावर जे होतं तेच इथे होतं, हवाच जात नाही. मऊ ब्रश आणि नळाची साधी धार पुरते, शक्यतो इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने. प्रेशर वॉशर मारू नका, बारीक पात्या वाकतात आणि मग सरळ करत बसावं लागतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की सिग्नलवर एसी गार राहतो का, ते बरंचसं यावर ठरतं. गॅस भरायला धावण्याआधी हे करून बघा.

तुमचंही लिहा. सविस्तर लिहा, मी सगळं वाचणार आहे.

मिहान_ते_मानेवाडा
माझी फोर्ड इकोस्पोर्ट २०१५. लिंक रॉड, म्हणजे पुढच्या चाकाजवळची सस्पेन्शनची छोटी दांडी. खड्ड्यातून हळू गेलं की पुढून टकटक, वेगात असताना काही नाही, म्हणजे बहुतेक तेच. नट फिरवताना मधला बोल्टही सोबत फिरतो, त्याला ॲलन की लावून धरायचं. आदल्या रात्री गंजावर तेल मारून ठेवा. दोन्ही बाजूचे सोबतच बदला.
फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं ठरवलं तेव्हा सगळे म्हणाले, आता पार्ट कुठून आणशील? मिळतात. झिजणारं सामान बाहेरचेही बनवतात.

तर्रीवाला
भाऊ, नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊन नका राहू बरं. स्टँड लावा, मागच्या चाकाला ठोकळा लावा. हात जोडून सांगून राहिलो.

अजनीकर
तर्रीवाला, शंभर टक्के. बाबा तर काढलेलं चाकसुद्धा गाडीखाली आडवं सरकवून ठेवायचे.

वर्धा_रोड_वाली
माझी ब्रेझा, डिझेल, २०१६. मी केमिस्ट्री शिकवते म्हणून कूलंटवर (इंजिन गार ठेवणारं द्रव) बोलल्याशिवाय राहवत नाही.

इथले कितीतरी मिस्त्री सांगतात, मॅडम नागपूरच्या गर्मीत थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) काढूनच टाका. काढू नका! तो साधारण ८०-९० अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो, म्हणजे इंजिन तापलं की तो तसाही उघडाच असतो. काढून फायदा काय? उलट इंजिन तापमानाला उशिरा येतं, डिझेल जास्त खातं, झीज वाढते. अडकला असेल तर नवा टाका.

दुसरं, बोअरचं पाणी. आमच्याकडे बादलीला पांढरी रेघ पडते, तेच क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घ्या. "आपल्याकडे बर्फ पडतो का, कूलंट कशाला" म्हणणाऱ्यांना सांगा, त्याने उत्कलनबिंदूही वाढतो आणि गंजही धरत नाही. नुसत्या रंगावरून मिसळू नका, मॅन्युअलमध्ये प्रकार दिलेला असतो.

रेडिएटरच्या झाकणाचं रबर बघा. झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम इंजिनावर झाकण उघडलं की दाब सुटतो आणि सगळं भसकन उकळून अंगावर येतं. शेजारच्या काकूंचा भाऊ असाच भाजला, कोपरापर्यंत.
पोळ्या टाकायच्या आहेत, बाकी नंतर.

गोकुळपेठी
ताट्यांचा विषय निघालाच आहे तर वाळ्याच्या चांगल्या कुठे मिळतात सध्या? हनीकोंबच्या ताट्यांना तो वास नाही.

तर्रीवाला
कॉटन मार्केटकडे चक्कर मारा. मार्चमध्येच घेऊन टाका, मे मध्ये भाव चढते.

उमरेड_रोड
उंदीर!! कोणीच कसं लिहिलं नाही. घर शेताला लागून, पाऊस लागला की सगळे बोनेटमध्ये. इंजेक्टरची वायर कुरतडली, गाडी तीन सिलिंडरवर धडधडत होती. पोरीने ओबीडीचं (गाडीतले दोष वाचणारं) ब्लूटूथवालं यंत्र मोबाईलला जोडून कोणतं सिलिंडर ते शोधलं. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, मग वायर सोलली, सोल्डरचा डाग दिला, वरून हीट श्रिंकची (तापवली की आवळणारी) नळी. काळी टेप लावू नका, बोनेटच्या उष्णतेत गोंद वितळून सुटते. पोरगी अकरावीत आहे, आता म्हणते मेकॅनिकल घेणार. मला फार आनंद झाला.

सक्करदरा_पोट्टा
काका खर्र्याची (तंबाखू-सुपारीची) पुडी ठेवून पाहा बोनेटमध्ये, मामाच्या सफारीत अजून एक उंदीर नाही शिरला 😄

वर्धा_रोड_वाली
वा, पोरीला शाबासकी सांगा माझी!

खामला
आमची कॅप्टिव्हा गाडी मागच्या दिवाळीला गेली. पप्पा बरेच दिवस नीट जेवले नाहीत. अजनीकर, तुमच्या बाबांचं वाचून भरून आलं. पेटी सांभाळा.

नवा_गडी
दादा, माझ्याकडे सेकंडहँड डस्टर आहे, डिझेलच. आधीच्या मालकाकडे काहीच नोंद नाही. टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा) बदलणं घरी होतं का?

अजनीकर
नोंद नाही म्हणजे बदललाच नाही असं धरा आणि लवकर नंबर लावा. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग इंजिनाचं हेड (वरचा भाग) उघडावं लागतं. हे काम घरचं नाही, कॅम आणि क्रँक (व्हॉल्व्ह आणि पिस्टनशी जोडलेले दांडे) पिना घालून जागेवर धरावे लागतात. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंप त्याच वेळी बदला, पंप त्याच बेल्टवर फिरतो. मी ओळखीच्या मिस्त्रीकडे शेजारी उभं राहून करून घेतो. ब्रेझावाल्या ताईंना ही काळजी नाही, त्यांना बेल्टऐवजी चेन आहे.

वर्धा_रोड_वाली
चेनला पण ऑइल वेळेवर लागतं हो.

गोकुळपेठी
दिल्लीसारखं आपल्याकडे डिझेलला दहा वर्षांचं बंधन आहे का? साळा फार घाबरवतो.

जुना_जोगी
नाही. ते दिल्ली परिसराचं. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं, मग फॉर्म २५ भरून, तपासणी करून पुढे ५ वर्षं मिळतात. चारचाकीची फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, पर्यावरण कर वेगळा. (गाडीला २० वर्षं झाली की फी आणखी वाढते.) तपासणीआधी टायर बघा. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गोटी (टायरवरची नक्षी) शिल्लक दिसली तरी उन्हाने रबर कडक होतं, बाजूला भेगा पडतात. हेडलाइट पिवळे असतील तर हजार नंबरचा वॉटर पेपर (पाण्याने घासायचा पॉलिश पेपर), मग दोन हजार नंबरचा, मग पॉलिश. सतत पाणी मारत राहा. रात्री काटोल रोडने येताना फरक कळतो.

नवा_गडी
दादा बेल्टचा नंबर लावला. ब्रेक पॅड मात्र स्वतः शिकायचे आहेत. कोणी दाखवेल का?

अजनीकर
रविवारी सकाळी घरी या, ऊन चढायच्या आत आटपू. पॅड तेवढे आणा, कॅलिपरच्या (पॅड दाबणारा भाग) पिनांचं ग्रीस आहे माझ्याकडे. कॅलिपरचा पिस्टन मागे दाबण्याआधी ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी बघावी लागते, काठोकाठ असेल तर सांडतं आणि सांडलं की गाडीचा रंग खातं. पत्ता मेसेज करतो.

तर्रीवाला
मी पण येतो. पोहे आणतो, स्टँडची जोडी पण आणतो.