सब-बेसला मराठीत काय म्हणाल? खर्ज की घुमारा?

कर्वेरोडकर: गाडं अडलंय. मित्र घरीच ट्रॅक बनवतो, त्याच्या नव्या ईपीवर (चार-पाच ट्रॅकचा छोटा अल्बम) मराठीत चार ओळी लिहून दे म्हणाला. १४० बीपीएम (मिनिटाला १४० ठोके), चाल डबस्टेपची, म्हणजे जड बेसच्या इलेक्ट्रॉनिक संगीताची, पण मध्येच ताल मोडतो, आणि खालून ४०-५० हर्ट्झचा बेस, म्हणजे सब-बेस, येतो तो कानापेक्षा बरगड्यांनाच जास्त कळतो, फोनच्या स्पीकरवर तर गायबच. मी लिहिलं 'खोल खर्ज'. आई गाणं शिकलेली, ती म्हणे खर्ज हा स्वर आहे, लोक हसतील. मग काय लिहू? आणि 'ड्रॉप'ला, म्हणजे थांबलेला बेस एकदम कोसळतो त्या जागेला?

पेठेतला पाहुणा: आईंचं बरोबर. खर्ज म्हणजे षड्जच, ष चा ख झालाय.

ढमढम: आमचे मास्तर खरखरीवरून आलाय म्हणायचे.

पेठेतला पाहुणा: मास्तरांना नमस्कार सांगा. पण 'खर्जातला आवाज' सगळेच म्हणतात, त्यात कोणी सा शोधत नाही.

डग्गेवाला: घुमारा लिहा! डग्ग्यावर मनगट दाबत आवाज वर सरकवतो ना, ८०८ ड्रम मशीनचा बेस स्लाइड करतात तो तोच प्रकार, फक्त मनगट नाही.

शुद्धमती: मंद्रनाद. सुंदर शब्द असताना उसनवारी कशाला?

ढमढम: मंद्रनाद म्हटलं की देवळात आल्यासारखं वाटतं हो. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका जिन्यातून ओरडतात तोच खरा मराठी शब्द, बास!!

डग्गेवाला: 😂 ड्रॉपला सम म्हणा. तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो तशीच मजा.

पेठेतला पाहुणा: नाही पटलं. समेची मात्रा ठरलेली असते. ड्रॉपच्या आधी बेस काढून घेतात, लोकांना टांगून ठेवतात आणि मग सोडतात. शिवाय डबस्टेप लंडनच्या क्रॉयडनकडचं असलं तरी डब जमैकाचं, आणि रेगेतल्या वन ड्रॉपमध्ये पहिली मात्राच रिकामी सोडतात. म्हणजे सम नाही, उलट खाली (तालातली रिकामी जागा) म्हणा!

शुद्धमती: लक्ष्मी रोडवर ढोलपथक थांबतं, ध्वज फिरतो आणि मग सगळे टिपरू एकदम पडतात, त्याला तुम्ही काय म्हणता?

ढमढम: सगळे नाही, सगळी टिपरं. टिपरू नपुंसकलिंगी आहे. ५ वर्षं वाजवलंय.

शुद्धमती: आमच्या पथकात 'टिपरू पडले' असंच म्हणतात.

कर्वेरोडकर: शुक्रवारी ईपी येतोय हो, ओळी द्यायच्यात. तूर्तास 'बेस'च ठेवलंय.

पेठेतला पाहुणा: येतोय? ईपी येतेय ना?