मदत हवी आहे: मुलांसोबत फिरताना ऑनलाइन दुकान कसं सांभाळता?

नमस्कार. मी डोंबिवलीहून इरकल साड्या आणि खणाची ब्लाउजपीस ऑनलाइन विकते. ऑर्डर व्हॉट्सॲपवर, पैसे यूपीआयने, पार्सल स्पीड पोस्टने. मे महिन्यात मुलांना (वय 9 आणि 4) घेऊन आधी मालवणला माहेरी आणि तिथून बेळगावमार्गे बदामी, गुळेदगुड्ड, इलकल (इरकल साडी जिथली, ते गाव) असं जायचं आहे. गुळेदगुड्डचा खण मागावर विणताना मुलांनी बघावा, इरकलीच्या अंगाचे आणि पदराचे ताणे (उभे धागे) फासे घालून कसे जोडतात ते समजून घ्यावं, ही माझी फार मनापासूनची इच्छा आहे.

पण मे म्हणजे लग्नसराई, दुकान बंद ठेवणं परवडत नाही. पार्सल पाठवायला घरी जाऊबाई तयार आहेत. खरी अडचण गिऱ्हाइकांशी बोलण्याची आहे. कोकण रेल्वेत बोगद्यांमध्ये रेंज जाते (करबुडेचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा!), आणि धाकटी दुपारी झोपली तरच माझे हात मोकळे होतात. साडीचा रंग उन्हात कसा दिसतो, पदर किती, हे विचारणारीला संध्याकाळपर्यंत थांबवलं तर ती दुसरीकडून घेते.

तुमच्यापैकी कोणी असं केलंय का? दिवसातली ठरावीक वेळ आधीच जाहीर केली तर गिऱ्हाइकं थांबतात का? उत्तरं देण्याचं कामही घरच्यांवर सोपवलंत, तर एकच साडी दोघींना विकली जाऊ नये म्हणून हिशेब कसा ठेवलात? आणि मालवण, बदामीकडे कोणत्या सिमला चांगली रेंज मिळते? लहान मुलांच्या आयांनी तर नक्की सांगा.