आजीचा जन्म आठ वाजता की सूर्योदयाआधी? पत्रिकेतलं 'मुं. टा.' म्हणजे नक्की काय?

गिरगावची_नात
आजीची पत्रिका ट्रंकेत सापडली. जन्म जानेवारी 1943, संक्रांतीनंतर आठवड्याने, गिरगावात. पत्रिकेत लिहिलंय: 'मुं. टा. सकाळी 6 वा. 20 मि.' तिच्यासोबत सूतिकागृहाची पिवळी पडलेली चिठ्ठी आहे, तीवर मात्र वेळ सकाळी 8. आणि आजी आयुष्यभर सांगायची, "मी सूर्य उगवायच्या जरा आधीची." आठ वाजता कुठला आलाय सूर्योदयाआधीचा अंधार? त्यात पत्रिकेच्या अ‍ॅपमध्ये 6:20 टाकलं तर धनु लग्न (जन्माच्या क्षणी पूर्वेला उगवणारी रास) येतं, पत्रिकेत मकर आहे. खोटं कोण बोलतंय?

तळ्यातमळ्यात
मुं. टा. म्हणजे मुंबई टाइम. 39 मिनिटं मिळवा, स्टँडर्ड टाइम मिळेल. 6:59. चिठ्ठीतले आठ म्हणजे नर्सबाईंनी अंदाजे लिहिलेले असणार, सोडून द्या.

डेकवरचा_काका
नर्सबाईंना बोल लावू नका हो, त्या बरोबर आहेत!

मी तीस वर्षं जहाजावर काढली, त्यामुळे हे गणित बोटांवर आहे. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे एका अंशाला 4 मिनिटं. मुंबई साधारण 72 अंश 50 कला पूर्व रेखांशावर (60 कलांचा एक अंश). 4 ने गुणा, ग्रीनिचच्या, म्हणजे लंडनमधल्या शून्य रेखांशाच्या, पुढे 4 तास 51 मिनिटं. हा झाला मुंबई टाइम, मुंबईच्या डोक्यावरच्या सूर्याचा. स्टँडर्ड टाइम धरलाय 82 अंश 30 कलांवर, तिकडे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर. फरक 9 अंश 40 कला, म्हणून ती 39 मिनिटं.

1906 च्या 1 जानेवारीपासून स्टँडर्ड टाइम आला, पण मुंबईने तो मुकाट्याने घेतला नाही. गिरणी कामगारांनी निदर्शनं केली, महापालिकेने आपली घड्याळं जुन्याच वेळेवर ठेवली. 1943 मध्येही घराघरात 'कुठला टाइम?' हा प्रश्न चालूच होता.

आता खरी गंमत. 1 सप्टेंबर 1942 पासून 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत युद्धामुळे सरकारी घड्याळ अजून एक तास पुढे होतं, ग्रीनिचपुढे साडेसहा तास. तेव्हा सूतिकागृहातल्या भिंतीवरचं घड्याळ मुंबई टाइमच्या 1 तास 39 मिनिटं पुढे. 6:20 मध्ये मिळवा: 7:59. बाईंनी आठ लिहिले. एका मिनिटाची चूक माफ करायला हरकत नसावी.

आणि सूर्योदय? त्या आठवड्यात मुंबईत आजच्या घड्याळाने सव्वासातच्या सुमारास होतो. युद्धकाळच्या घड्याळात सव्वाआठ. आजी सूर्याच्या पंधराएक मिनिटं आधी आली. तिघंही खरं बोलतायत.

अ‍ॅप 6:20 ला आजचा स्टँडर्ड टाइम समजतं, तेव्हा ते तुम्हाला 39 मिनिटं मागे नेऊन बसवतं. 6:59 टाका.

वऱ्हाडी_मास्तरीण
काका, मस्त! आमच्या नागपुरात सूर्य मुंबईपेक्षा जवळपास पंचवीस मिनिटं आधी डोक्यावर येते, हे पोरांना पटतच नाही. "मॅडम, घड्याळ तर एकच हाय न?" मग अंगणात काठी रोवून सावली मोजायला लावते. पण फेब्रुवारीत न नोव्हेंबरात सावली वेगवेगळ्या वेळी आखूड होते, तेव्हा माझीच पंचाईत.

डेकवरचा_काका
बाई, पृथ्वी सूर्याभोवती एकसारख्या वेगाने फिरत नाही आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या मागेपुढे होतो. मुंबईत सरासरी दुपार, म्हणजे सूर्य सर्वांत वर येण्याची वेळ, 12:39 ची. पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती 12:22 ला, फेब्रुवारीच्या मध्यात 12:53 ला. जहाजावर आम्ही दुपारी सूर्याची उंची मोजायला उभे राहायचो तेव्हा हा फरक तक्त्यातून आधी बघावाच लागे. क्रोनोमीटर, म्हणजे जहाजाचं अचूक घड्याळ, मात्र कायम ग्रीनिचवर, त्याला कोणी हात लावायचा नाही. जेवणाचं घड्याळ रोज रात्री हलायचं. पश्चिमेला जाताना तास मागे, झोप जास्त. पूर्वेला निघालो की खलाशी कुरकुरायचे. पॅसिफिक ओलांडून पूर्वेला जाताना तर एकच मंगळवार दोनदा पाहिलाय. पगार एकाचाच.

नेपाळवाल्यांना विचारा, त्यांचं घड्याळ आपल्यापुढे फक्त पंधरा मिनिटं.

तळ्यातमळ्यात
माघार! नर्सबाईंची माफी.

गिरगावची_नात
6:59 टाकलं. मकर लग्न आलं! आईला फोन केला तर ती म्हणाली, "तरी आई म्हणायचीच, आमच्या वेळी घड्याळं सरकारसाठी पुढे आणि देवासाठी मागे असायची." आम्हाला वाटायचं, म्हातारीची कोडी आहेत.

काका, आजोबांची पत्रिकाही आहे त्याच ट्रंकेत. 1938, कलकत्ता, 'क. टा.' लिहिलंय. हे अजून वेगळं का?

डेकवरचा_काका
वेगळं. कलकत्ता टाइम स्टँडर्डच्या 24 मिनिटं *पुढे*, तेव्हा तिथे मिळवू नका, वजा करा. फोटो टाका, बघतो.