आवड, ओळख आणि मालकी

आवड असली की व्यावसायिक ओळख आपोआप घडते, हे मत मला अपुरे वाटते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलरँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आवडीचे दोन प्रकार मांडले: आयुष्यातील इतर गोष्टींना जागा देणारी सुसंवादी आवड आणि माणसालाच ताब्यात घेणारी अट्टहासी आवड. स्वतःचे कार्यालय थाटलेल्या वास्तुविशारदाला हा फरक फार जवळून जाणवतो, कारण दिवसभर बिले, थकबाकी आणि पगार निस्तरून रात्री तो आराखड्याकडे वळतो, तेव्हा जिन्याची एक रेघ तीनदा पुसूनही मनासारखी उतरत नाही आणि आपण वास्तुविशारद उरलो की नुसते मालक, हा प्रश्न त्याला खरोखर छळतो. म्हणूनच पहिला मदतनीस हिशेबासाठी नेमावा, आराखड्यासाठी नव्हे, असे मी कळकळीने सुचवतो.