मदत हवी आहे: पाळकसाहेब तीन महिने सबॅटिकलवर, रविवारी सूचना कशी द्यायची?

चिठ्ठीवाला
सर्वांना सलाम. कमिटीने पाळकसाहेबांना तीन महिन्यांची सबॅटिकल, म्हणजे विसावा-अभ्यासासाठीची पगारी रजा, मंजूर केली आहे. पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) झाला की सुरू. येत्या रविवारी उपासनेत सूचना मलाच वाचायची आहे, आणि कुजबुज आधीच सुरू झालीय: साहेबांना काढलं, साहेबांना मुंबईहून बोलावणं आलंय, बरंच काही. कोणाकडे अशा सूचनेचा तयार मसुदा असेल तर टाका. सल्ले नकोत, मसुदा हवा. घाई आहे.

नगरी_शेव
मंडळी, म्हणजे चर्च, कुठली ते सांगा आधी. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असेल तर कमिटी मंजूर करणारी कोण? रजा बिशपसाहेब देतात आणि बदली माणूसही तिकडूनच येतो.

चिठ्ठीवाला
सीएनआय नाही. स्वतंत्र मंडळी, ट्रस्ट नोंदलेला आहे. मसुदा?

लेस्टरची_मावशी
इकडे ब्रिटनच्या मेथडिस्ट चर्चमध्ये हे नेमातच आहे. सेवेची 10 वर्षं झाली की तीन महिने, त्यानंतर दर सात वर्षांनी. कोणी भुवया उंचावत नाही. पण आमच्याकडे लोकल प्रीचर (पाळक नसलेले, संदेश देणारे सभासद) भरपूर, एरवीही कितीतरी उपासना तेच चालवतात, त्यामुळे रविवार अडत नाही. तुमच्याकडे संदेश देणारी माणसं किती? आणि प्रभुभोजन (भाकरी-द्राक्षारसाचा विधी) कोण देणार?

आजोबांचा_नातू
तीन महिने पगारी आराम! माझे आजोबा सुवार्तिक होते. सायकलवर गावं पालथी घालायचे, पावसात चिखलातून सायकल खांद्यावर घेऊन जायचे. त्यांना कोणी विचारलं नाही दमलात का म्हणून.

पायपेटी_पुणे
आजोबांना विचारलं नाही, हीच तर तक्रार आहे ना? त्याच काळात मिशनरी साहेब मात्र ठरावीक वर्षांनी फर्लोवर (लांब रजेवर) मायदेशी जायचे. तेव्हा मंडळ्या बंद पडल्या नाहीत. आपल्याच लोकांनी चालवल्या.

आजोबांचा_नातू
रेव्ह. ना. वा. टिळकांनी, कवी टिळकांनी, 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि देवाचा दरबार काढला. पगारी विश्रांती मागत बसले नाहीत.

पायपेटी_पुणे
नोकरी सोडणं आणि रजा घेणं यात फरक आहे, काका. साहेबांनी नोकरीच सोडावी असं म्हणणं असेल तर सरळ म्हणा.

कोर्टनाका
टिळकांना राहू द्या. चिठ्ठीवाले, एप्रिल ते जुलै म्हणजे मधे मे आला. मंडळीत लग्न आहे का?

चिठ्ठीवाला
एक आहे. पत्रिका छापायला गेल्यात. त्याचा सूचनेशी काय संबंध?

कोर्टनाका
आहे. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली स्वतंत्र मंडळीच्या पाळकाला लग्न लावायचा परवाना सरकार देतं, आणि तो त्या माणसाच्या नावावर असतो, चर्चच्या नावावर नाही. साहेब नाहीत म्हणून मंडळीतले एखादे वडील (एल्डर) उभे राहिले आणि 'लावून टाकू' म्हणाले, तर तो गुन्हा आहे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. परवाना असलेले दुसरे पाळक आत्ताच ठरवा. लग्नाची लेखी नोटीसही जे लावणार त्यांनाच द्यावी लागते. आणि संध्याकाळी सातच्या आत उरका, ही अट आपले लोक हमखास विसरतात. मांडववाल्याला सहाचीच वेळ सांगा.

नवी_सभासद
नमस्कार, इथेच विचारते. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याचा दाखला हरवलाय, जूनमध्ये शाळेत द्यायचाय. नवीन कुठे मिळेल?

नगरी_शेव
ताई, बाप्तिस्मा जिथे झाला त्या चर्चच्या रजिस्टरवरून उतारा मिळतो. वेगळा धागा काढा ना.
(पण चिठ्ठीवाले, हे बघा, जूनमध्ये दाखले मागायला रांग लागते. सही कोणाची?)

ट्रस्टी_काका
सहीचं मी सांगतो. धर्मादाय आयुक्तांकडे 90 दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करा. नाहीतर पुढे निस्तरत बसाल. आमच्या ट्रस्टला एका चेंज रिपोर्टपायी काय काय भोगावं लागलं ते मी दुसऱ्या धाग्यात सविस्तर लिहिलंय.

कोर्टनाका
काका, विश्वस्त बदलला तर चेंज रिपोर्ट. रजेवर गेलेला विश्वस्त विश्वस्तच राहतो. इथे लागतो तो कमिटीचा ठराव: रजा कधीपासून कधीपर्यंत, दाखल्यांवर सही कोणाची, बँकेत चेकवर साहेबांची सही असेल तर त्या काळात कोणाची. ठरावाची नक्कल बँकेला द्यायची, बस.

ट्रस्टी_काका
अनुभवाचं बोलतोय. करायचं तर करा.

योबेल
बायबलमधलं लेवीय 25 काढा. सातव्या वर्षी जमिनीला विसावा. लोक एवढंच वाचतात आणि थांबतात. पुढे लोक विचारतात, सातव्या वर्षी खायचं काय? उत्तर मिळतं की सहाव्या वर्षी तीन वर्षं पुरेल इतकं पीक येईल. म्हणजे तजवीज विसाव्याच्या आधीची आहे. तुमचं सहावं वर्ष म्हणजे हे उरलेले आठवडे, आणि तुम्ही मसुदा मागत बसलाय.

चिठ्ठीवाला
मसुदाच मागितला होता, अजूनही तोच मागतोय. संदेशांची यादी झाली आहे. प्रभुभोजनाला पहिल्या रविवारी शेजारच्या मंडळीचे पाळक येतील, मानधन आणि प्रवासखर्च ठरलाय.

बंगल्यातली_बाई
मी पाळकाची बायको. एकच विचारते. या तीन महिन्यांत तुमचे साहेब राहणार कुठे?

चिठ्ठीवाला
बंगल्यातच. चर्चच्या कंपाउंडमध्ये. मुलाची दहावी सुरू होतेय, त्यामुळे बाहेर जाणं जमणार नाही.

बंगल्यातली_बाई
मग खरी अडचण ही आहे आणि ती तुम्ही आत्ता सांगताय. माणूस गावाला गेला तर लोक निमूट दुसऱ्याला फोन करतात. इथे दिवा दिसतो, स्कूटर उभी दिसते. कोणी म्हणणार 'साहेब, फक्त दोन मिनिटं प्रार्थना', कोणी किल्ली मागणार, कोणी जेवायला बोलावून मग हळूच विषय काढणार. दारातून परत पाठवायचं काम बायकोच्या गळ्यात पडतं आणि वाईटही तीच होते.
किल्ल्या आधी बंगल्यातून हलवा. आजाऱ्यांची यादी वडिलांमध्ये नावानिशी वाटून द्या, आणि ते वडील साहेबांबरोबर आधी एकदा त्या घरी जाऊन येऊ देत. व्हॉट्सअॅप गटातून साहेबांना काढा. त्यांनी स्वतः बाहेर पडायचं नाही, नाहीतर रुसले म्हणतील. आणि महिला मंडळ, संडे स्कूल, मेमधली व्हीबीएस (मुलांची सुट्टीतली बायबल शाळा) हे सगळं पाळकीणबाईच बघत असतील ना? त्यांना रजा कोणी मंजूर केली?

चिठ्ठीवाला
व्हीबीएस त्याच घेतात. हे कमिटीत निघालं नव्हतं.

लेस्टरची_मावशी
निघत नाहीच ते. इकडेही नाही निघत.

आजोबांचा_नातू
माझी आजी तर गावातल्या बायकांना वाचायला शिकवायची, बिनपगारी.

बंगल्यातली_बाई
मग आजोबांबरोबर आजीचंही सांगत जा की.

पायपेटी_पुणे
घ्या मसुदा, नाहीतर धागा नाताळापर्यंत चालेल:

'प्रिय मंडळी, आपले पाळकसाहेब अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत विसावा आणि अभ्यासासाठी सबॅटिकलवर आहेत. ही रजा कमिटीने एकमताने दिली असून पगार चालू राहील. साहेब आपले पाळक आहेत आणि अमुक रविवारी पुन्हा वेदीपाशी उभे राहतील. या काळात ते बंगल्यातच राहणार आहेत, पण आजारपण, दुःखाचा प्रसंग, दाखले यांसाठी कृपया पुढील वडिलांना फोन करावा. बंगल्याची बेल वाजवू नये. पाळकीणबाईही या काळात सर्व जबाबदाऱ्यांतून मोकळ्या आहेत.'

परतीची तारीख गाळू नका. कुजबुज तिनेच थांबते.

चिठ्ठीवाला
आभार. खजिनदार म्हणतात पगाराची ओळ काढा. 'एकमताने'ही चालणार नाही, दोघे विरोधात होते.

नगरी_शेव
पगाराची ओळ ठेवा. नाही वाचलीत तर चहाच्या वेळी तोच विषय निघेल आणि आकडा वाढवून सांगितला जाईल. 'एकमताने' काढा, नुसतं 'कमिटीने' म्हणा.

चिठ्ठीवाला
ठीक. अजून एक. मुलीचे वडील म्हणतात लग्न आमच्या साहेबांनीच लावायचं. विरोधातल्या दोघांपैकी एक तेच.

कोर्टनाका
साहेबांचा परवाना रजेतही चालतो, कायद्याची अडचण नाही. पण एकाला हो म्हटलंत की पुढच्याला नाही कसं म्हणणार? पत्रिकेवर पाळकांचं नाव आहे का? अजून छापायच्या असतील तर आजच प्रेसला फोन करा.

नवी_सभासद
उतारा मिळतो म्हणालात, पण ते चर्च सोलापूरला आहे. पोस्टाने पाठवतील का?