हंगाम अर्ध्यावर असताना सहाय्यक प्रशिक्षकाने संघ सोडावा का?

परळकर (धागाकर्ता)

आमच्या भागातला एक फुटबॉल क्लब मुंबईच्या स्थानिक लीगमध्ये खेळतो. त्याच्या सहाय्यक प्रशिक्षकाला गेल्या महिन्यात दुसऱ्या एका क्लबने बोलावलं. मुख्य प्रशिक्षकाचं पद, पैसे आत्तापेक्षा बरेच जास्त, अट एकच: लगेच यायचं. लीगचे सामने अजून बाकी होते. त्याने नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून मैदानावर दोन तट पडलेत. एकांच्या मते माणूस सोन्यासारखा आहे, दुसऱ्यांच्या मते दारात आलेली लक्ष्मी त्याने परत पाठवली.

मी पहिल्या तटात आहे, आणि का ते सांगतो.

मुख्य प्रशिक्षक अकरा नावं जाहीर करतो. ज्यांची नावं आली नाहीत त्यांच्याशी बोलायचं काम सहाय्यकाचं. वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा मैदानावर सामना संपला की खेळलेली मुलं पाणी पीत बसतात, आणि हा बाकावरच्या मुलांना घेऊन परत मैदानात उतरतो. दुसऱ्या क्रमांकाचा गोलकीपर डावीकडून आलेल्या क्रॉसला नेहमी अर्धं पाऊल उशिरा निघतो. त्याला हा स्वतः डाव्या बगलेवरून एकामागून एक चेंडू मारत बसतो, अंधार पडेपर्यंत. एका मुलाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तो टॅकलला जाताना नकळत दुसरा पाय पुढे टाकतो, हे आधी याच्याच लक्षात आलं. हे कुठल्या वहीत लिहिलेलं नसतं. नवा माणूस आला की त्याला हे कळेपर्यंत लीग संपलेली असते.

म्हणून माझ्या मते सहाय्यकाची निष्ठा मुख्य प्रशिक्षकाशी नाही, क्लबच्या झेंड्याशीही नाही. ज्या मुलांना घेऊन हंगाम सुरू केला त्यांच्याशी आहे, आणि हंगाम संपेपर्यंत आहे. शेवटचा सामना झाल्यावर त्याने खुशाल जावं, पेढे मी वाटेन.

कूपरेजकर

पूर्ण असहमत. निष्ठा, निष्ठा म्हणून आपण मैदानावरच्या माणसांना आयुष्यभर सतरंज्याच उचलायला लावतो.

आपल्या मुंबईतलंच बघा. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. त्या संघाला वाहून घेतलेल्या माणसांनी कुणाकडे दाद मागायची? प्रशिक्षक खालिद जमील २००९ पासून २०१६ पर्यंत मुंबई एफसीला चिकटून राहिला. तुटपुंज्या बजेटमध्ये दरवर्षी संघ वरच्या लीगमध्ये टिकवायचा, एवढंच त्याच्या वाट्याला आलं. मग तो मिझोरामच्या ऐझॉल क्लबला गेला आणि पहिल्याच हंगामात, २०१६-१७ मध्ये, आय-लीग, म्हणजे तीच वरची लीग, जिंकून मोकळा झाला. मुंबई एफसी त्याच हंगामात तळाला गेली आणि पुढे क्लबही गुंडाळला गेला. खालिद निष्ठेपायी इथेच बसला असता तर २०२५ मध्ये भारताचा प्रशिक्षक झाला असता का?

सहाय्यकाची गत तर आणखी वाईट. मुख्य प्रशिक्षकाला नारळ दिला की बहुतेक वेळा त्याची माणसंही त्याच गाडीने घरी. चूक एकाची, शिक्षा चौघांना. क्लब त्या वेळी हंगाम संपायची वाट बघतो का?

सायली_वांद्रे

कूपरेजकर, खालिदचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. तो मुंबई एफसी सोडून गेला तो हंगाम संपल्यावर, मध्येच नाही. परळकरांचं म्हणणंही तेवढंच आहे.

आणि त्याच खालिदची पुढची गोष्ट बघा. इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये तो सहाय्यक होता. जानेवारी २०२१ मध्ये मुख्य प्रशिक्षक गेला आणि संघ याच्या हाती आला. चाचपडणारा संघ त्याने उपांत्य फेरीत नेला. पुढच्या हंगामात आयएसएलचा पहिला भारतीय कायम मुख्य प्रशिक्षक तोच झाला. ड्रेसिंग रूममधल्या प्रत्येकाला ओळखत होता म्हणून हे जमलं. परदेशी मुख्य प्रशिक्षक आणि भारतीय सहाय्यक ही आयएसएलमधली नेहमीची जोडी. अडचणीच्या वेळी क्लबला आठवतो तो सहाय्यकच. पण त्यासाठी तो तिथे असायला हवा ना!

अंधेरी_पूर्व_स्टँड

मी आयएसएलमधल्या मुंबई सिटीचे सामने अंधेरीच्या मैदानावर बघत आलोय, म्हणून एक प्रश्न विचारतो. डेस बकिंगहम आपल्याकडे मुख्य प्रशिक्षक म्हणून २०२१ मध्ये कुठून आला? ऑस्ट्रेलियाच्या मेलबर्न सिटीतून, तिथे तो सहाय्यक होता. २०२२-२३ मध्ये त्याने लीग शील्ड (साखळीत अव्वल येणाऱ्याची ढाल) जिंकून दिली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये हंगाम ऐन रंगात असताना तो आपल्या गावच्या ऑक्सफर्ड युनायटेडला निघून गेला. आपल्यातले कितीतरी जण तेव्हा चिडले होते, मीही चिडलो होतो.

मग त्याच्या जागी पेत्र क्रॅटकी आला. कुठून? पुन्हा मेलबर्न सिटीतून, पुन्हा सहाय्यक, आणि डिसेंबरमध्ये, म्हणजे तिकडची लीग चालू असताना. मे २०२४ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ हरवून आपण आयएसएल चषक उचलला तेव्हा कुणी म्हटलं का, की या माणसाने मेलबर्नच्या मुलांना वाऱ्यावर सोडलं? आपला गेला की गद्दार आणि दुसऱ्याचा आला की हुशार, असं दोन्हीकडून चालणार नाही.

परळकर

मुद्दा रास्त आहे, पण जोडी चुकली. मेलबर्न आणि मुंबई तेव्हा एकाच सिटी फुटबॉल ग्रुपचे क्लब होते. मालकाने एका घरातला माणूस दुसऱ्या घरात नेला. दोन्हीकडे तयारी करायला, माहिती हाती द्यायला माणसं आहेत. बकिंगहम गेल्यावर मधले दिवस सहाय्यक अँथनी फर्नांडिसने संघ सांभाळला, तेही विसरू नका. जो गेला त्याचं नाव होतं, आणि जो थांबला त्याच्यावर डोलारा उभा राहतो.

आमच्या क्लबमध्ये एक मुख्य, एक सहाय्यक. तिसरा माणूस नाही. हा गेला असता तर त्या गोलकीपरला क्रॉस कोण मारणार होतं?

डी_लायसन्स

मी स्वतः प्रशिक्षक आहे. सकाळी एका शाळेत, दुपारनंतर अकादमीत, संध्याकाळी क्लबवर. इथे चर्चा करणाऱ्या सगळ्यांबद्दल आदर ठेवून सांगतो, परळकर, तुम्ही त्या माणसाचं कौतुक करताय, पण त्याचा हिशेब कुणी मांडला नाही.

मुंबईत सहाय्यकाच्या जागा आहेत, मुख्य प्रशिक्षकाच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. डी झाल्यावर सी, मग बी, मग ए, प्रत्येक लायसन्सच्या कोर्सला फी भरा आणि तितके दिवस काम बंद ठेवा. पुढे अर्ज करताना विचारतात, स्वतंत्रपणे संघ कधी सांभाळला? तिथे "सहाय्यक" लिहिलेलं असलं की अर्ज खाली जातो. हंगाम संपल्यावर ती जागा त्याच्यासाठी राखून ठेवणार होतं का कुणी? ती केव्हाच भरली असेल. तुमच्या मुलांना पुढच्या वर्षीही लीग आहे. त्याला ही संधी पुन्हा येईलच असं नाही.

आणि एक सरळ प्रश्न. क्लबने त्याला लेखी करार दिलाय का?

कूपरेजकर

डी_लायसन्स यांना +१. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मलाही हवंय.

शिवाजीपार्क_६२

मी जुना माणूस, इंग्लंडचं उदाहरण देतो. ब्रायन क्लफ (मुख्य) आणि पीटर टेलर (सहाय्यक) ही जोडगोळी सगळ्यांना माहीत असेल. १९७४ मध्ये क्लफ ब्रायटन सोडून लीड्सला गेला. टेलर गेला नाही, ब्रायटनमध्येच थांबला. क्लफ लीड्समध्ये टिकला फक्त ४४ दिवस. टेलर १९७६ मध्ये नॉटिंगहम फॉरेस्टला जाऊन त्याला मिळाला, आणि १९७९ आणि १९८० असे लागोपाठ दोन युरोपियन कप आले. टेलर आपल्या हिशेबाने थांबला आणि आपल्या हिशेबाने गेला. सहाय्यक म्हणजे मुख्य माणसाची सावली, ही समजूत आधी सोडा. त्याला स्वतःचा निर्णय असतो. थांबला तर तो त्याचा, गेला तरी त्याचा. बाहेरच्यांनी त्यावर निष्ठेचं मोजमाप लावू नये.

सायली_वांद्रे

काका, निर्णय त्याचाच, मान्य. पण निर्णयाचा परिणाम सोळा-सतरा वर्षांच्या पोरांवर होत असेल तर बोलायला नको का? मिकेल आर्तेता डिसेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या बाकावरून आर्सेनलला गेला. जायच्या पाच दिवस आधी तो त्याच आर्सेनलविरुद्ध सिटीच्या बाकावर होता, सिटीने ३-० जिंकला. त्याचं आणि सिटीचं निभावलं, कारण तिथे ग्वार्डिओलाच्या हाताखाली पूर्ण फौज होती. स्थानिक क्लबला मोठ्यांचा नियम लावता येत नाही.

परळकर

डी_लायसन्स, प्रश्न टाळणार नाही. लेखी करार नाही. सगळं बोलीवर चाललंय, मानधनही दोन वेळा उशिरा मिळालं.

तरी मत बदलत नाही. करार क्लबने दिला नाही, मुलांनी नाही. त्याने मुलांकडे बघून नकार दिला, आणि क्लबने त्याचा फायदा घेतला तर ती क्लबची लाज. रविवारी आमची सभा आहे. तिथे मी मागणी करणार आहे: दोन वर्षांचा लेखी करार, मुख्य प्रशिक्षक बदलला तरी सहाय्यकाचा करार चालू, मानधन महिन्याच्या पाच तारखेच्या आत, आणि पुढच्या लायसन्सच्या कोर्सची फी क्लबकडून.

डी_लायसन्स

त्यात आणखी एक कलम घाला. लीग संपल्यावर बाहेरून मुख्य प्रशिक्षकपदाचं बोलावणं आलं तर क्लबने विनाअट सोडायचं, सोडल्याचं पत्र अडवून ठेवायचं नाही. माझं पत्र एका क्लबने अडवलं होतं, ती जागा गेली. सभेत काय ठरलं ते इथे लिहा. क्लब नाही म्हणाला तर त्याला माझा नंबर द्या, आमच्या अकादमीत जूनपासून जागा आहे.