प्लॉट स्वस्त पडला, पुढे काय? (अनुभव धागा : जळगाव, भुसावळ, धुळे)

आमच्या पत्त्यात गल्ली नाही, पेठ नाही. गट नंबर, प्लॉट नंबर आणि 'सावखेडा शिवार', संपला पत्ता. पार्सलवाला पोरगा दर वेळी फोन करतो, "भाऊ, कुठून वळू?" मी सांगतो, "कपाशी संपली की डावीकडे." कपाशी निघून हरभरा पेरला गेला की मलाच नवी खूण शोधावी लागते.

२००९ साली शहराबाहेर शेतात पडलेला दीड हजार स्क्वेअर फुटांचा प्लॉट घेतला, १४० रुपये फुटाने. दोन लाख दहा हजार झाले. मी तेव्हा एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात होतो. त्या पगारात रिंग रोडला प्लॉटची चौकशी करायचीही लाज वाटायची. एजंट म्हणाला होता, "दहा वर्षांत शहर इथपर्यंत येतं का नाही पाहा भो." शहर निघालंय खरं, रस्त्यात कुठंतरी चहाला थांबलं असावं.

आता भाचा प्लॉट बघतोय आणि रोज एक प्रश्न विचारतो. एकट्याच्या अनुभवावर त्याला काय सांगणार? म्हणून हा धागा. स्वस्त काय मिळालं आणि महाग काय पडलं, दोन्ही लिहा. भाव किती होता ते लिहिलंत तर बरं, नाही लिहिलंत तरी चालेल.

सुरुवात माझ्यापासून. मी सातबारा पाहिला, एन. ए. (बिगरशेतीची) ऑर्डर पाहिली, ले-आउटचा नकाशा पाहिला. माती पाहिली नाही. जमीन कपाशीची, काळीभोर. मे महिन्यात प्लॉट बघायला गेलो तेव्हा पोराची चप्पल भेगेत गेली होती, आम्ही हसलो. घर बांधल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या भिंतीला तिरपी चीर गेली, खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली ओट्यापर्यंत. पावसाळ्यात ती मिटते आणि मागचं दार अडकायला लागतं. चीर उघडी असली की दार मोकळं, चीर मिटली की दार घट्ट. बायको कॅलेंडरऐवजी तेच बघते. प्लास्टर तीनदा केलंय.

मिस्त्रीकाम करणारा, निमखेडी

भाऊ, चीर प्लास्टरने जात नाही. काळी माती पाणी पिते आणि फुगते, वाळली की आकसते, तुमचं घर तिच्यावर बसून वरखाली होतं. मुरूम लागेपर्यंत खोदायचं, मग तो चार फुटाला लागो नाहीतर नऊ फुटाला. कॉलम, प्लिंथ बीम, आणि जोत्यात भरायला बाहेरून मुरूम आणायचा. लोक काय करतात, खोदलेली काळी मातीच परत जोत्यात ढकलतात. तिला न्यायला ट्रॅक्टर लावावा लागतो ना! दहा-पंधरा हजार वाचतात आणि फरशी आयुष्यभर डुगडुगते.

घराभोवती तीन फुटांचा कोबा करा, उतार बाहेर. भिंतीला लागून केळी, आळू लावू नका. मालकीणबाईंना मोरीच्या पाण्यावर चार केळी लावायची हौस असते, पाणी सगळं घराच्या पायात मुरतं. मी हे प्रत्येकाला सांगतो. दहातले दोन ऐकतात.

चटई कंपनीत शिफ्टला जाणारा, कुसुंबा

आपलं स्वतःचं काही नाही, भाड्याची पत्र्याची खोली आहे. मूळ गाव चोपडा तालुक्यात. भाडं २५०० आणि लाइटबिल वेगळं. शहरात एवढ्यात कॉटसुद्धा मिळत नाही. कंपनी सायकलवर वीस मिनिटं.

बारा तासांची शिफ्ट असते. रात्रपाळी संपवून सकाळी आठला येतो आणि झोपायचं म्हणतो तोवर पत्रा तापायला लागतो. जळगावचा मे तुम्हाला माहीतच आहे, ४५ चा आकडा काही बातमी राहिली नाही. रात्रभर प्लास्टिकचा दाणा वितळवणाऱ्या मशीनसमोर उभं राहायचं आणि दिवसा त्याच मशीनच्या आत झोपायचं, असं ते आहे. पत्र्यावर ओली पोती टाकून पाहिली, अर्ध्या तासात कडक होतात. शेवटी मारुतीच्या देवळामागे निंब आहे, तिथे जातो. आम्ही सहा-सात जण असतो, दोघं बिहारचे, एक यूपीचा, बाकी इकडचे. ज्याची सेकंड शिफ्ट असेल तो सगळ्यांचे मोबाइल सांभाळत जागा बसतो.

जळगावचं विमानतळ आमच्याच गावाला लागून आहे. विमान डोक्यावरून जातं. एस. टी. साठी मात्र हायवेपर्यंत चालावं लागतं!

पण खरं सांगू, दोन वर्षांत गावाकडे घराचा स्लॅब टाकून झाला तो याच खोलीमुळे.

गृहिणी, पिंप्राळ्याच्या पुढे

माझं दुखणं पाणी. बोअर २८० फुटांवर लागली तेव्हा पेढे वाटले होते. पाणी असं जड की डाळ शिजत नाही, गिझरची कॉइल दर वर्षी बदलावी लागते. कूलरची जाळी महिनाभरात पांढरी होते, हात लावला की खडूसारखा चुरा पडतो. प्यायला जारचं पाणी घेतो. एप्रिलपासून बोअर दमते, मोटार पंधरा मिनिटं चालते आणि नुसती हवा ओकते. त्याच दिवसांत कूलर दिवसाला दोन-अडीच बादल्या पितो. प्यायचं की गारव्याला घालायचं, हा हिशोब कॉलनीत घरोघरी होतो. सासूबाई म्हणतात, "माय वं, कूलरले पाणी आणि मले नाही!"

आता चांगलंही सांगते. आम्ही आलो तेव्हा कॉलनीत चार घरं होती, चार तालुक्यांतली. कोणी कोणाच्या ओळखीचं नव्हतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसवायची तर तिच्या नैवेद्याचे रोट खायला भाऊबंद लागतात ना? भाऊबंद अमळनेरला, पाचोऱ्याला. पहिल्या वर्षी मी एकटीनेच बसवली आणि रडत होते. समोरच्या एरंडोलच्या ताई परातभर पुरण घेऊन आल्या, म्हणाल्या, "आमच्यातही असतं, या वर्षी दोघींचं एकच." रोट घरचे घरात खायचे असतात, तो नेम आम्ही पाळतो. पण विसर्जनाला आता अख्खी कॉलनी नाचते. शहरातल्या फ्लॅटमध्ये माझी बहीण शेजारणीचं नाव सांगू शकत नाही.

शिक्षक, शिरसोली रस्ता

एक गोष्ट कोणी विचारत नाही, लाइट कोणत्या फीडरवर, म्हणजे कोणत्या मुख्य लाइनवर आहे. आमच्या पहिल्या पाच घरांची जोडणी विकणाऱ्याने खटपट करून जवळच्या डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून घेऊन दिली. आम्ही खूश. ती शेतीच्या फीडरवरची होती. शेतीला तेव्हा थ्री फेज आठ तास, तेही आठवड्यात कधी दिवसा कधी रात्री. बाकी वेळ कमी दाबाची सिंगल फेज, पंखा हाताने फिरवल्यासारखा फिरायचा. रात्री दोनला लाइट 'भरून' आली की शेतकऱ्यांबरोबर आम्हीही उठायचो, ते मोटारी सुरू करायला आणि आम्ही वॉशिंग मशीन लावायला. गावातल्या घरांच्या, गावठाण फीडरवर यायला चौदा महिने आणि नऊ खांबांचे पैसे लागले. प्लॉट बघायला दिवसा जाता तसे रात्री नऊला जा. आजूबाजूला दिवे कसे आहेत बघा.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

साकेगावकडे घर आहे. हवा मोकळी, वाघूर नदी जवळ, प्लॉट स्वस्त, सगळं खरं. बायकोला छातीत दुखायला लागलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते, शेजारच्या पोराने केळीच्या पिकअपमधून नेलं. मागे गादी टाकली होती. बायको वाचली. त्यानंतर मी रेल्वे क्वार्टरच्या दिवसांना नावं ठेवणं बंद केलं. एवढंच.

धुळे, वलवाडी

आमनं घर वलवाडीले शे. प्लॉट घेतला तेव्हा ग्रामपंचायत होती, नंतर हद्दवाढीत महापालिकेत आलो. ज्यांना आज ग्रामपंचायतीची घरपट्टी कमी म्हणून शिवारात घर घ्यायचंय त्यांनी हे गृहीत धरा, हद्द सरकते. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा जपून ठेवा, घर कधीचं आहे ते दाखवायला लागतो.

मी अवधानला एमआयडीसीत ऑइल मिलमध्ये हिशोब लिहितो. शेंगदाण्याचा वास कपड्यातून जात नाही, पोरगी ओळखते पप्पा आले. प्लॉट पाहायला मायला घेऊन गेलो होतो. ती सगळ्या गटात फिरली आणि म्हणाली, "भो, घर तठे बांध जठे इहीर शे." मी म्हटलं, माय, आता नळ येतात. तिच्या म्हणण्याकडे दुर्लक्ष केलं आणि कॉर्नरचा प्लॉट घेतला. उन्हाळ्यात विहिरीजवळच्या लोकांकडे हंडा घेऊन जातो तेव्हा माय काही बोलत नाही, नुसती पदराआड हसते.

नाव नको, जळगाव तालुका

माझा एक गुंठा आहे, १०८९ फूट. एन. ए. नाही. १०० रुपयांच्या स्टॅम्पवर सौदा, खरेदीखत नाही, कारण तुकडेबंदीत, म्हणजे शेतजमिनीचे बारीक तुकडे करायला बंदी घालणाऱ्या कायद्यात, एवढ्या तुकड्याची नोंदणीच होत नव्हती. तो कायदा १९४७ चा, मला २०१६ मध्ये कळला. सातबाऱ्यावर अकरा नावं. विकणारा त्यातला एक. दोघं वारले आणि त्यांच्या वारसांची नावं चढली, आता सतरा आहेत. बँकेत कर्जाला गेलो, साहेबांनी कागद दोन बोटांनी धरून परत दिला. घर बांधलं ते बायकोचं सोनं मोडून आणि खासगी फायनान्सच्या व्याजाने.

गुंठेवारी, म्हणजे असे गुंठ्यागुंठ्याने विकलेले प्लॉट, नियमित करण्याचा २००१ चा कायदा आहे, २०२१ मध्ये मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. माझं बसतं. पण सतरा सह्या कुठून आणू? एक जण सुरतला आहे, एक बोलत नाही. ज्यांना कोणी 'पुढे होऊन जाईल' म्हणतंय त्यांनी माझं हे वाचा.

एम. एस्सी. झालेली मुलगी, आव्हाणे रस्ता

बांभोरीला विद्यापीठात जायचे. सकाळी बाबा सोडायचे, परत येताना रिक्षा फाट्यापर्यंत. फाट्यापासून घर पावणेदोन किलोमीटर, दोन्ही बाजूंनी कपाशी. ऑक्टोबरात ती माझ्या खांद्याएवढी होते आणि सहा वाजता अंधार. आई बॅटरी घेऊन फाट्यावर उभी राहायची, तिच्या हातात नेहमी विळा असायचा. मी विचारलं, कशाला? म्हणाली, "गवत कापायला." तीन वर्षांत तिने एकदाही गवत कापलं नाही.

माझ्या वर्गातल्या दोघींनी याच रस्त्यापायी बारावीनंतर शिक्षण सोडलं. भाव लिहायचा तर हाही लिहा.

धागाकर्ता

ताई, हे मला सुचलं नव्हतं. माझ्या मुलीची शाळा पक्क्या रस्त्याला होती, केवळ नशीब.

काही जणांनी खासगीत विचारलं, मग राहता कशाला तिथे? डिसेंबरात या. शेजारच्या शेतातून असोद्याच्या बाजूची हिरवी लांबट वांगी येतात, गटात पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांची, आगटी पेटते. वांगी काळी ठिक्कर भाजायची, साल काढून कांद्याची पात, हिरवी मिरची, शेंगदाणे घालून ठेचायचं आणि सोबत कळण्याची भाकरी. फ्लॅटच्या गॅलरीत पऱ्हाट्या पेटवून दाखवा. हां, त्याच पऱ्हाट्यांच्या ढिगात गेल्या वर्षी घोणस निघाली. सर्पमित्राचा नंबर फ्रिजवर चिकटवला आहे, गॅसवाल्याच्या नंबरच्या वर.

एका शेतकरी आजोबांचा नातू, सावखेडा परिसर

आजोबांना वाचून दाखवलं. ते सांगतात तसं लिहितो.

"तुम्ही सगळे घेणारे बोलले, विकणारा कोणी बोलला नाही. माह्या बापाची सव्वातीन एकर होती. पोरीचं लग्न आणि दोन वर्षं कपाशीत बोंडअळी, म्हणून दिली. पैसा आला तसा गेला, एक प्लॉट तेवढा राखला, तिथेच राहतो. माह्याच शेतात मी प्लॉटधारक आहे. सकाळी फिरायला निघालो की लोकांच्या गेटसमोर थांबतो. ते म्हणतात, आप्पा, काय पाहता? इथे माह्या बैलांचा गोठा होता, तिथे आंबा होता, काय सांगू त्यांना?

एक काम कराजो. जुना सातबारा काढा, एन. ए. व्हायच्या आधीचा. पाणी कशाचं, विहीर आहे का, ते पिकाच्या बाजूला लिहिलेलं असते. आमच्या गटात दोन विहिरी होत्या. एक ओपन स्पेसमध्ये, ले-आउटच्या मोकळ्या जागेत राहिली. दुसरी बुजवली. मीच ट्रॅक्टर लावला होता. मुरूम नाही टाकला, वावराचीच माती लोटली, वरून रोलरही नाही. साठ फूट खोल होती ती. माती अजून बसते आहे."

धागाकर्ता

आप्पांना नमस्कार सांगा.

परवा सुट्टी काढून तहसीलच्या रेकॉर्डमधून आमच्या गटाची जुनी नक्कल घेतली. १९८७-८८ चं पान आहे, कडा फाटल्या आहेत. कपाशी, ज्वारी, तूर, आणि शेजारच्या रकान्यात तलाठ्याच्या अक्षरात 'विहीर १'. गटात आता २२ प्लॉट आहेत. ओपन स्पेसमध्ये विहीर नाही, तिथे पोरं क्रिकेट खेळतात. गटाचा मूळ मालक वारला, त्याचा मुलगा पुण्यात असतो. त्याचा नंबर मिळवतो आहे. स्वयंपाकघरातली चीर सध्या बोटभर उघडी आहे.